रेंज फणसाखाली, फोन लाखाचा

कुडाळ तालुक्यातल्या एका गावातून एका बाईंचं पत्र आलं आहे. वय ५८, जिल्हा परिषदेच्या शाळेतून नुकत्याच निवृत्त झालेल्या. घर जुनं, चिऱ्याचं. घरात मोबाइलला रेंज नाही. फोन वाजला की अंगणातल्या फणसाखाली धावायचं, आणि ही सवय इतकी जुनी की यजमानांनी तिथे एक बाकडंच टाकून दिलं आहे. नंबर बीएसएनएलचा, वीस वर्षांचा. बँक, आधार, गॅस, पेन्शन सगळं त्यालाच जोडलेलं. हातातला अँड्रॉइड फोन सहा वर्षांचा, आता दमलेला, आणि त्यावरची अक्षरं बारीक दिसतात. पुण्याचा मुलगा म्हणतो, "आई, आयफोन १६ प्लस घे, मी पैसे देतो, आणि नंबर जिओत टाक." जावई म्हणतात, "गॅलेक्सी एस२४ अल्ट्रा घ्या, त्यात पेन आहे, तुमच्या ओव्या लिहायला बरा. सिम एअरटेलचं." बाई सासूबाईंच्या तोंडच्या जात्यावरच्या ओव्या गोळा करताहेत. उजव्या अंगठ्याचा सांधा दुखतो. एकाचा फोन घेतला तर दुसरा नाराज होईल, नंबर गेला तर पेन्शन अडकेल, म्हणून सहा महिने काहीच ठरत नाही. त्या विचारतात: कोणता फोन घेऊ आणि कोणती कंपनी?

बाई,

पत्रासोबत तुम्ही दोन्ही फोनची माहितीपत्रकं पाठवलीत, जावयांनी लाल पेनाने खुणा केलेली. कॅमेरा किती मेगापिक्सेलचा, चिप कोणती, हे सगळं मी वाचलं आणि बाजूला ठेवलं. दोनदा वाचलं ते तुमचं एक वाक्य: "पावसात एका हातात छत्री नि एका हातात फोन धरून ओटीपीची वाट बघते."

अडचण ही आहे. लाखाचा फोन आणलात तरी तो फणसाखालीच न्यावा लागेल. मुलगा आणि जावई, दोघंही मनापासून सांगताहेत, पण दोघं राहतात शहरात. तिथे रेंज नळाच्या पाण्यासारखी घरात येते, म्हणून त्यांना फोन हा मुख्य प्रश्न वाटतो. तुमच्याकडे विहिरीला पाणी आहे का, हे आधी बघायला हवं. कळशी तांब्याची घ्यायची की पितळेची, ते मग.

म्हणून पत्रातला क्रम मी उलटा करते. आधी सिम, मग फोन. आणि एक गाठ सुरुवातीलाच सोडवते: हे दोन निर्णय एकमेकांना बांधलेले नाहीत. आयफोन घेतला म्हणून जिओच, सॅमसंग घेतला म्हणून एअरटेलच, असं काही नसतं. दोन्ही फोनमध्ये दोन नंबर चालतात, कोणत्याही कंपनीचे.

तुमच्या घराचंच बघा. चिऱ्याची भिंत जाड, बाहेर माडाफणसाची दाटी, आणि कोकणात टॉवर नि घर यांच्यामध्ये एखादा डोंगर येतोच. मोबाइलच्या लहरींत कमी फ्रिक्वेन्सीच्या लहरी लांब जातात आणि भिंतीतून बऱ्यापैकी आत शिरतात. जास्त फ्रिक्वेन्सीच्या लहरी वेग देतात, पण अंगणापर्यंत येऊन थबकतात. जिओने ५जीसाठी २०२२च्या लहरींच्या सरकारी लिलावात ७०० मेगाहर्ट्झचा, म्हणजे कमी फ्रिक्वेन्सीचा, पट्टा घेतला तो भिंतीतून आत शिरण्यासाठीच, आणि बीएसएनएलचं नवं ४जीही त्याच पट्ट्याचा उपयोग करतं. पण कागदावर पट्टा असणं वेगळं आणि तुमच्या वाडीला दिसणाऱ्या टॉवरवर तो बसवलेला असणं वेगळं. दूरसंचार नियामकाच्या, म्हणजे ट्रायच्या, सांगण्यावरून आता कंपन्यांना आपापल्या संकेतस्थळावर कव्हरेजचे नकाशे टाकावे लागतात. ते जरूर बघा. मात्र नकाशात गाव रंगलेलं दिसतं, तुमचं माजघर दिसत नाही.

माजघर मोजायचं तुम्हीच. त्याला खर्च जवळजवळ नाही. फोनच्या वरच्या कोपऱ्यातल्या दांड्या मोजू नका, त्या प्रत्येक कंपनीचा फोन आपल्या मर्जीने दाखवतो. तुमच्या जुन्या अँड्रॉइड फोनमध्ये सेटिंग्ज, मग अबाउट फोन, त्यात सिम स्टेटस असं कुठेतरी आत गेलात की सिग्नल स्ट्रेंग्थ म्हणून एक आकडा दिसेल, उणे चिन्ह लावलेला, पुढे डीबीएम, म्हणजे सिग्नलचा जोर मोजायचं माप. तो उणे ८५च्या आसपास असेल तर उत्तम. उणे १०० म्हणजे चालतंय. उणे ११०च्या खाली गेला की कॉल तुटायला लागतो आणि उणे १२०ला फोन नुसता शोधत राहतो, बॅटरी खात. उणे आहे म्हणून गोंधळ होतो. तुम्ही गणित शिकवलंत, तुम्हाला मी काय सांगावं.

आता एक वहीचं पान घ्या. डावीकडे जागा लिहा: ओटी, माजघर, स्वयंपाकघर, माडी, न्हाणीघराचं दार, फणस. वर कंपन्या लिहा. शेजारच्या वहिनींकडे जिओ असेल, कुणाकडे एअरटेल असेल, दुधवाल्याकडे तिसरंच काही. ज्याचा फोन हाताशी लागेल तो पाच मिनिटं मागून घ्या आणि घरभर फिरून आकडे भरा. आयफोन असेल तर त्यात डायल करायच्या जागी *३००१#१२३४५#* टाकून कॉलचं बटण दाबलं की असाच तपशील उघडतो. जी कंपनी बरी दिसेल तिचं एक प्रीपेड सिम महिन्याभरासाठी घ्या, सध्याच्या फोनच्या दुसऱ्या खाचेत घाला आणि नेहमीसारखं वापरा. महिनाभराचं रिचार्ज काहीशे रुपयांचं. लाखाच्या खरेदीआधी एवढी चाचणी कुणालाही परवडावी.

चाचणीची वेळ मात्र नीट निवडा. दुपारी तीनला सगळीच रेंज छान असते. संध्याकाळी सात ते नऊ बघा, जेव्हा वाडीतला प्रत्येक पोर व्हिडिओ बघत असतो. वीज गेल्यावर दोन तासांनी बघा. टॉवरची बॅटरी किती टिकते ते तेव्हा कळतं, आणि तुमच्याकडे पावसाळ्यात वीज किती वेळा जाते ते मी सांगायला नको. जमलं तर गणपतीत बघा. चाकरमानी आले की गावात माणसं वाढतात, टॉवर तेवढाच राहतो. त्या पाच दिवसांत जी कंपनी कॉल लावू देते ती खरी.

एक शक्यता अशी की सगळ्याच कंपन्या फणसाखालीच भेटतील. तेव्हा निराश होऊ नका, कारण घरात बोलता येण्याचा दुसरा रस्ता आहे आणि मला तर तोच तुमच्यासाठी पहिला वाटतो. पत्रात तुम्ही जाता जाता लिहिलंय की रस्त्यावरून फायबरची तार गेली आहे आणि शेजाऱ्यांनी जोडणी घेतली आहे. घरात वाय-फाय आलं की वाय-फाय कॉलिंग नावाची सोय वापरता येते. एअरटेलने ती डिसेंबर २०१९मध्ये आणि जिओने जानेवारी २०२०मध्ये आपल्याकडे सुरू केली. यात कॉल टॉवरवरून न येता वाय-फायवरून येतो, नंबर तोच, समोरच्याला फरक कळत नाही, त्याला वेगळे पैसे पडत नाहीत आणि कुठलं वेगळं अॅप लागत नाही. सेटिंग्जमध्ये एक बटण चालू करायचं. तुम्ही विचारताय ते दोन्ही फोन हे करतात, आणि त्यांच्या चौथाई किमतीचे पुष्कळ फोनही करतात. वीज गेली की राउटर बंद पडेल, म्हणून राउटरसाठी मिळतो तो छोटा १२ व्होल्टचा यूपीएस जोडून ठेवा. हाताच्या पंजाएवढा असतो, काही तास निघतात.

मी हे इतक्या आग्रहाने सांगते कारण स्वतः उलट क्रमाने गेले होते. डोंबिवलीत घर बदललं, चुलतभाऊ म्हणाला अमुक कंपनी घे, मी चाचणी न करता नंबर हलवला. नवी रेंज दिवाणखान्यात झकास आणि झोपायच्या खोलीत शून्य. परत जावं म्हटलं तर नियम आडवा आला: एकदा कंपनी बदलली की ९० दिवस तिथून हलता येत नाही. तीन महिने मी रात्री फोन खिडकीच्या गजाला रुमालाने बांधून ठेवायचे. माझंच घर आणि मीच त्यात पाहुणी.

आता नंबराची भीती. तुमचा ९४२२ने सुरू होणारा नंबर तुमच्या मालकीसारखाच आहे, कंपनी बदलली म्हणून तो जात नाही. देशभर ही सोय २० जानेवारी २०११पासून आहे. PORT असा शब्द इंग्रजीत, मग एक जागा सोडून आपला दहा आकडी नंबर, असा एसएमएस १९००ला पाठवायचा. उत्तरात आठ अक्षरांचा एक कोड येतो. आपल्याकडे तो चार दिवस चालतो. तो आणि आधार घेऊन नव्या कंपनीच्या दुकानात जायचं. एकाच सर्कलमध्ये, म्हणजे मोबाइल सेवेच्या एकाच विभागात, असेल तर कामाचे तीन दिवस, दुसऱ्या सर्कलमधून असेल तर पाच. (सर्कलच्या हिशोबात महाराष्ट्र आणि गोवा एकत्र, मुंबई वेगळी. तुमचं काम महाराष्ट्राच्या आतलंच.) सिम हरवून किंवा खराब होऊन बदललं असेल तर त्यानंतर सात दिवस नंबर हलवता येत नाही, हा नियम १ जुलै २०२४पासूनचा. जुन्या कंपनीकडची शिल्लक बुडते, म्हणून रिचार्ज संपत आलं की हलवावं. आणि तो आठ अक्षरांचा कोड कुणी फोन करून मागितला, अगदी "कंपनीतून बोलतोय" म्हणाला, तरी द्यायचा नाही. कोड दिला म्हणजे नंबर चोरायची किल्लीच दिली. असं काही घडलंच तर १९३०वर, म्हणजे सायबर फसवणुकीच्या तक्रारीच्या नंबरवर, ताबडतोब फोन करायचा.

हे सगळं सांगून झाल्यावर माझं मत असं की, तुम्ही नंबर हलवूच नका. निदान पहिलं वर्ष नको. पेन्शनची फाइल अजून ताजी आहे, बँकेत आत्ताच सह्या झाल्या आहेत, नोव्हेंबरात हयातीचा दाखला येईल. अशा वेळी जुना नंबर जिथे आहे तिथे राहू द्या आणि दुसरं सिम जवळ ठेवा. बीएसएनएलवर बँकेचे निरोप येतील, दुसऱ्या सिमवर बोलणं आणि इंटरनेट. दोन सिमचा खर्च जास्त होईल असं वाटतं, पण जुलै २०२४मध्ये खासगी कंपन्यांनी दर वाढवले तेव्हा बीएसएनएलने वाढवले नाहीत, त्यामुळे तो नंबर जिवंत ठेवणं तुलनेने हलकं पडतं. शिवाय ट्रायने डिसेंबर २०२४मध्ये सगळ्याच कंपन्यांना फक्त कॉल आणि एसएमएसचे, इंटरनेट नसलेले प्लॅन द्यायला लावले आहेत. दुकानदार ते आपणहून दाखवत नाही, मागावे लागतात. एक लक्षात ठेवा: प्लॅनची मुदत संपली की येणारे निरोपही थांबू शकतात, आणि ओटीपी अडकला की कळतं. दोन्ही सिमची मुदत भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा. फोनमधल्या आठवणीपेक्षा स्वयंपाकघरातलं कॅलेंडर जास्त वेळा बघितलं जातं.

आता फोन. इथे तुमच्या मनात एक गोष्ट पक्की झालीय की मोठा फोन म्हणजे मोठी अक्षरं. तसं आपोआप होत नाही. फोन मोठा झाला की पडद्यावर ओळी जास्त मावतात, अक्षर तेवढंच राहू शकतं. अक्षर मोठं करायचं बटण सेटिंग्जमध्ये, डिस्प्लेखाली, फॉन्ट साइज म्हणून असतं आणि ते तुमच्या आजच्या दमलेल्या फोनमध्येही आहे. आज रात्रीच दोन घरं वाढवून बघा. मराठीला याची गरज इंग्रजीपेक्षा जास्त असते. वरची वेलांटी, खालचा उकार, 'ष्ट्य' सारखं जोडाक्षर, सगळं एका ओळीच्या उंचीत कोंबलेलं असतं. अक्षर मोठं केल्यावर मग मोठ्या पडद्याचा उपयोग कळतो, कारण ओळीत तीनऐवजी पाच शब्द राहतात. आणि चष्म्याचा नंबर शेवटचा कधी तपासला? मोतीबिंदू पडायला लागला असेल तर ६.८ इंचही धूसरच दिसेल. डोळ्यांच्या डॉक्टरकडे एक फेरी मारा, फोनच्या दुकानाआधी.

आकाराचं म्हणाल तर तुमच्या दोन फोनांत फरक आहे असं वाटतं, तसा तो नाही. आयफोन १६ प्लस ६.७ इंची, एस२४ अल्ट्रा ६.८ इंची. रुंदी एकाची ७.८ सेंटिमीटर, दुसऱ्याची ७.९. एक मिलिमीटरचा मामला. फरक आहे वजनात. आयफोन १९९ ग्रॅम, अल्ट्रा २३२. अल्ट्रावर कव्हर आणि काच चढली की तो पाव किलोला टेकतो. म्हणून घरच्या घरी करून बघा: पाव किलो साखरेची पुडी करा, आणि बहिणीशी जितका वेळ बोलता तितका वेळ ती उजव्या हाताने कानाशी धरून बसा. मग पुठ्ठ्याचा १६ सेंटिमीटर लांब, ८ रुंद असा तुकडा कापा, एका हातात धरा आणि अंगठा वरच्या समोरच्या कोपऱ्याला लावून बघा. तुमचा अंगठा दुखरा आहे असं तुम्हीच लिहिलंय. माहितीपत्रकावर जावयांनी सतरा खुणा केल्या आहेत, वजनावर एकही नाही.

पेनाचा मोह मला कळतो. अल्ट्राच्या पोटातून ते पेन टिक करून बाहेर येतं आणि काचेवर खरंच चांगलं लिहितं. आयफोनला पेन नाही. अॅपलची पेन्सिल मिळते, पण ती आयपॅडवर चालते, फोनवर नाही. तेव्हा पेनच हवं असेल तर प्रश्न मिटला. पण ओव्यांसाठी ते हवं आहे का? फोनचा पडदा साधारण पोस्टकार्डाएवढा. त्यावर सासूबाईंच्या शंभर ओव्या लिहायच्या म्हणजे पोस्टकार्डावर पोथी उतरवण्यासारखं आहे. हात टेकायला जागा नाही, चार ओळी झाल्या की पान सरकवायचं, आणि दुखरा अंगठा आहेच.

त्यापेक्षा ओवी आधी आवाजात धरा. सासूबाई पंच्याऐंशीच्या आहेत म्हणता. त्या जात्याच्या खुंट्याला हात लावून गातात तेव्हा चाल वेगळी येते, नुसतं "सांगा" म्हटलं की ओळी येतात आणि चाल जाते, हे तुम्हीच लिहिलंत. फोन त्यांच्यापासून हातभर अंतरावर, जात्याच्या दगडावर नाही, शेजारी घडी घातलेल्या टॉवेलवर ठेवा, म्हणजे घरघर कमी येईल. ध्वनिमुद्रण कोणताही फोन करतो, आजचाही. कृपा करून हे काम नव्या फोनची वाट बघत थांबवू नका. नंतर ऐकत ऐकत वहीत लिहा, पानांचे फोटो काढा. टाइप करायचंच असेल तर गूगलच्या कीबोर्डवर मराठीत बोलून लिहिता येतं, ही सोय २०१७पासून आहे, आणि बोटाने काचेवर अक्षर काढलं तरी तो ओळखतो. मालवणी शब्दांना तो अडखळेल. "गावता"चं "गावात" करेल, तिथे तुम्हालाच लाल पेन काढावं लागेल.

मग दोघांतला कोणता? आधी दोन्हींचं जे सारखं आहे ते सांगते, कारण भांडण बरंचसं तिथेच मिटतं. दोन्हींना टाइप-सी चार्जर लागतो, घरातला एकच पुरेल. दोन्हींना पाण्यापासून बचावाचा आयपी६८ दर्जा आहे, आणि दोन्ही कंपन्यांच्या वॉरंटीत पाण्याने झालेलं नुकसान बसत नाही. कोकणातल्या पावसात या दोन वाक्यांतलं दुसरं लक्षात ठेवावं. दोन्ही पुष्कळ वर्षं टिकतील. सॅमसंगने अल्ट्राला सात वर्षं अपडेट देऊ असं जानेवारी २०२४मध्ये जाहीर केलं आहे. अॅपलही जुन्या फोनना सांभाळतं. २०१८च्या आयफोन एक्सआरवर २०२४ची आयओएस १८ ही आयफोनची प्रणालीही चालली.

वेगळं आहे ते असं. तुम्ही आठेक वर्षं अँड्रॉइड वापरलंय. मागे जायची खूण कुठे, फोटो कुठे साठतो, हे हाताला माहीत आहे. आयफोनमध्ये ते सगळं थोडं थोडं वेगळ्या जागी आहे. तीस वर्षं पोरांना शिकवलेल्या बाईला ते जमणार नाही असं मी मुळीच म्हणत नाही, महिनाभरात जमेल. पण त्या महिन्यात मदतीला कोण? मुलगा पुण्यात. हाक मारायला यजमान आणि शेजारच्या वहिनी, आणि त्या दोघांकडे अँड्रॉइड. शेजाऱ्याकडे जो फोन तो आपल्याकडे असण्याचा फायदा कुठल्याच माहितीपत्रकात छापत नाहीत. सिमच्या खाचांचंही बघा: भारतातल्या आयफोन १६ प्लसमध्ये खरं सिम एकच बसतं, दुसरं ई-सिम, म्हणजे खाचेत न घालता फोनमध्येच चालू होणारं सिम, घ्यावं लागतं. बीएसएनएलचं सिम खाचेत आणि दुसरी कंपनी ई-सिमवर, असं करता येईल. अल्ट्रामध्ये दोन्ही सिम खाचेतच बसतात. आणि मुलाचा मित्र अमेरिकेतून स्वस्तात आयफोन आणणार असेल तर नको म्हणा. आयफोन १४पासून अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या आयफोनना सिमची खाचच नसते.

किमती तुम्हाला माहीतच आहेत. बाजारात आले तेव्हा आयफोन १६ प्लस ८९,९०० आणि एस२४ अल्ट्रा १,२९,९९९ रुपयांना होता. आता दोन्ही त्याहून खाली मिळतात. पैसे मुलं देणार म्हणून किंमत विचारात घ्यायची नाही, असं तुम्ही लिहिलंत. मी घेईन. काच फुटली तर दुरुस्तीचे पैसे त्या किमतीच्या मापाने जातात, आणि अंगणात चिरा आहे, माती नव्हे. दोन्ही कंपन्यांचं अधिकृत सेवा केंद्र तुम्हाला जवळ कुठे पडतं ते त्यांच्या संकेतस्थळावर पिनकोड टाकून बघा. फोन दुरुस्तीला देऊन आठवडाभर घाट चढावा-उतरावा लागणार असेल तर तोही किमतीचाच भाग.

मला विचाराल तर या दोघांपैकी एकही नाही. तुमच्या हाताला २०० ग्रॅमच्या आतला, पडदा ६.७ इंचाचा, दोन सिमचा, वाय-फाय कॉलिंग असलेला अँड्रॉइड फोन हवा. जावयांचं मन आणि कंपनी राखायची तर त्याच घराण्यातला गॅलेक्सी एस२४ प्लस आहे: ६.७ इंच, १९६ ग्रॅम, पेन नाही. त्याहून बरेच स्वस्त फोनही या मापात मिळतात आणि तुमच्या कामाला पुरतात: व्हॉट्सअॅप, बँक, ध्वनिमुद्रण, नातवंडांचं तोंड बघणं. साखरेच्या पुडीची चाचणी हसत हसत पार पडली आणि पेनाने मन ओढलंच, तर अल्ट्रा घ्या, पण मग फोन कानाशी न धरता टेबलावर ठेवून स्पीकरवर बोलायची सवय लावा. आयफोन मी शेवटी ठेवते. त्यात खोट नाही, पण तुमच्या घराला आणि शेजाराला तो परका पडेल.

राहिला मुलगा. "त्याचा फोन नाही घेतला तर त्याचं मन मोडेल" असं तुम्ही दोनदा लिहिलंत. त्याला विचारलंत का? माझा अंदाज असा की आई फोन उचलत नाही याची त्याला काळजी आहे, आणि त्याच्या हातात जो उपाय आहे तो त्याने पुढे केला. त्याला सांगा, "बाबू, फोन जावयांना घेऊ दे, तू मला घरात फायबर आणि राउटरचा यूपीएस घेऊन दे." त्याच्या बाजूने हे कमी नाही. उलट त्याचा फोन पहिल्या रिंगला उचलला जाईल तो त्याच्याच जोडणीमुळे. जोडणी कुणाकडून घ्यायची ते शेजाऱ्यांना विचारून ठरवा, आणि शेजाऱ्यांना एवढंच विचारा: तार तुटली की माणूस किती दिवसांनी येतो? वेगाचे आकडे सगळेच सांगतात.

असंच कोड्यात पडलेल्या इतर वाचकांनीही दुकानात जायच्या आधी आपल्या घराचा तक्ता करावा, मग ते गडहिंग्लजला असोत की डोंबिवलीत. शहरातल्या बंद सोसायट्यांत, लिफ्टशेजारच्या खोल्यांत, तळमजल्यावर चिऱ्याच्या घरासारखीच गत असते. आईवडिलांना फोन भेट देणाऱ्या मुलांनी तर फोनआधी घरी जाऊन एक दिवस त्यांच्या जागी बसून कॉल घेऊन बघावा.

बाई, महिनाभर मोजून झालं की तो कागद मला पाठवा. ओटी, माजघर, माडी सगळं हवं. फणसाचा आकडाही लिहा, तुलनेला. आणि पत्रात एक ओवी अर्धीच लिहून सोडलीत, तिची दुसरी ओळ सासूबाईंना विचारून त्याच कागदाच्या मागे लिहा.